नावगाव जोशी

आमचे जोशीकाका हॉटेलात गेले की आधी बक्षिसी देतात आणि मग जेवतात. तुम्ही बरोबर वाचलंत. वेटर पाण्याचे ग्लास ठेवतो न ठेवतो तोच काका त्याचा हात धरतात, "नाव सांगा, गाव सांगा," म्हणतात, आणि तो गोंधळून काहीतरी सांगतोय तेवढ्यात त्याच्या मुठीत वीसची नोट कोंबतात. मेनूकार्ड अजून टेबलावर यायचं असतं.

ह्या सवयीपायी आम्ही काय काय भोगलंय ते आमचं आम्हाला माहीत. एकदा जालना रोडवरच्या एका शाकाहारी हॉटेलात वेटरला वाटलं, म्हाताऱ्याला गुपचूप दारू हवी असणार. तो काकांच्या कानाशी वाकून म्हणाला, "यहाँ नहीं मिलती चाचा, पीछे की गली में देखो." दुसऱ्या एका ठिकाणी वेटरनं नोट घेतली, सलाम ठोकला आणि तो जो गेला तो परत आलाच नाही. त्याची पाळी संपली होती. आम्ही सहा माणसं पाऊण तास ताटकळलो. माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि काका शांतपणे बडीशेप चघळत होते.

"गेला असंल घरी," ते म्हणाले. "दमला असंल."

"काका, बक्षिसी काम झाल्यावर देतात हो," मी अखेर न राहवून म्हणाले.

"काम झाल्यावर देतात ती मजुरी, बाई. बक्षिसी आधी. आन् हातातून हातात."

मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून काका मला 'बाई' म्हणतात. रोज बसनं वैजापूरला जायचं, तिथल्या मुलांना क्रियापदं शिकवायची आणि संध्याकाळी घामाघूम होऊन परत यायचं, हे माझं आयुष्य. लग्न होऊन मी मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या ह्या कॉलनीत आले तेव्हापासून काका-काकू आमच्या शेजारी आहेत. तेव्हा घराच्या मागे ज्वारीचं रान होतं. आता तिथं सात मजली इमारत आहे आणि तिच्या तळघरात मोटारी झोपतात. कॉलनीत जोशी तीन. एक बँकेतले, एक हार्मोनियमवाले आणि हे आमचे. ह्यांना सगळे 'नावगाव जोशी' म्हणतात. समोरसुद्धा म्हणतात आणि काकांना त्याचं काही वाटत नाही.

न्हाव्याला दाढीच्या आधी, रिक्षावाल्याला बसायच्या आधी, गॅसची टाकी आणणाऱ्याला टाकी उतरवायच्या आधी. त्या न्हाव्यानं एकदा मला सांगितलं, "मॅडम, आधी पैसे घेतले की माझा हात थरथरतो. कापलं-बिपलं तर?" पण काकांपुढे कुणाचं चालत नाही. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, नियम एकदा ठरला की ठरला.

त्यांचा खरा राग डब्यावर. हल्ली हॉटेलांत गल्ल्याशेजारी टिपेसाठी एक काचेचा डबा ठेवलेला असतो ना, तो दिसला की काकांच्या कपाळावर आठी पडते. एकदा तर त्यांनी तो उचलून हलवून पाहिला आणि मालकाला विचारलं, "हा उघडतो कोण?" मालक म्हणाला, "मीच." काका म्हणाले, "मग वर तुमचं नाव लिहा की." आम्ही बिल देऊन चटकन बाहेर पडलो. त्या हॉटेलातली बासुंदी फार छान होती, पण आता तिथं जायची सोय राहिलेली नाही.

आणखी एक खोड सांगते, कारण तिचा मला वर्षानुवर्षं राग होता. काका आमच्याकडे चहा प्यायले की स्वतःची कपबशी स्वतः उचलतात, मोरीशी जातात आणि विसळून पालथी घालतात. कुणालाही हात लावू देत नाहीत. मला वाटायचं, हा जुन्या सोवळ्याचा काहीतरी प्रकार असणार. आम्ही मराठे, ते भिक्षुकाच्या घरातले. एकदा मी तिखटपणे म्हणालेसुद्धा, "आमच्या घरचं पाणी चालतं ना काका?" काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "लई चांगलं चालतं," एवढंच म्हणाले आणि कप पालथा घातला.

आता मूळ गोष्टीवर येते. ती घडली दुष्काळाच्या उन्हाळ्यात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं आणि कॉलनीत टँकरच्या ड्रायव्हरपेक्षा मोठा माणूस कुणी नव्हता. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नावगाव विचारून बक्षिसी दिली. शेषराव, गाव बिडकीन. दुसऱ्या खेपेला शेषरावांनी टँकर थेट काकांच्या दारात लावला. झालं! कॉलनीची तातडीची सभा भरली. हार्मोनियमवाल्या जोशांनी 'लाच' हा शब्द उच्चारला. काका उभे राहिले आणि म्हणाले, "लाच मागतात. बक्षिसी कुणी मागत नसतंय." आणि त्या दिवसापासून आपले हंडे घेऊन ते रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहायला लागले. शेषरावांना बक्षिसी देणं मात्र चालूच होतं.

त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सुहासनं, म्हणजे काकांच्या मुलानं, आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या बोटीची चार रात्रींची सहल ठरवली. काका तयार होईनात. शेवटी सुहासनं मला फोन केला. "तुम्ही दोघं सोबत गेलात तर बाबा जातील. त्यांच्या बक्षिसीचं इंग्रजी तुम्ही करा." मे महिन्याची सुट्टी होती, पाण्याचा वैताग आला होता, आम्ही लगेच हो म्हणालो.

आमच्या ह्यांना पहिल्याच दिवशी बोट लागली. त्यांनी चारही दिवस डोळे मिटून, उशाशी लिंबू ठेवून काढले, त्यामुळे त्यांचा ह्या गोष्टीत फारसा उल्लेख येणार नाही. काका-काकूंची खोली आमच्या शेजारीच. खोल्या आवरायला यायचे ते सलीम, पस्तिशीचे, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव आणि खाली देश.

"देश नको," काका त्यांना म्हणाले, "गाव सांगा."

"हर्णै," सलीम म्हणाले. "दापोलीच्या पुढं. तुम्ही मराठी?"

एवढ्या समुद्रात मराठी बोलणारं माणूस भेटल्यावर काकूंना कोण आनंद झाला! त्यांनी पिशवीतून धपाटे काढून सलीमना दिले. बक्षिसी अर्थातच आधीच दिली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीम घाबऱ्याघुबऱ्या माझ्या दाराशी आले. "मॅडम, चाचांच्या खोलीतला नळ बिघडलाय का? मला काही सांगत नाहीत." मी जाऊन पाहिलं. कचऱ्याची बादली काठोकाठ भरलेली. बर्फाचं भांडं भरलेलं. दात घासायचे दोन्ही ग्लास, फुलदाणी, काकूंचा स्टीलचा डबा, सगळं पाण्यानं भरून ओळीत ठेवलेलं. गरम पाणी यायच्या आधी जे गार पाणी वाहून जातं ते दोघांनी मिळून धरून ठेवलं होतं.

"चाचा, इथं चोवीस तास पाणी असतं," सलीम हसू दाबत म्हणाले.

"आमच्या नगरसेवकानंबी हेच सांगितलं होतं," काका म्हणाले.

पुढचे तीन दिवस सलीमनी त्या भांड्यांना हात लावला नाही. फुलदाणीतलं पाणी तेवढं रोज जिन्याजवळच्या कुंडीतल्या झाडाला घालायचे, आणि काकू ती पुन्हा भरून ठेवायच्या. मला तेव्हाच हा माणूस आवडला.

त्या दिवशी दुपारी दाराखालून एक कागद आत आला. आतापर्यंतच्या खर्चाचा हिशेब. काकांनी चष्मा लावून तो फाईल वाचावी तसा वाचला आणि मला हाक मारली. "बाई, हे काय म्हणतंय?" मी सांगितलं, सर्व्हिस चार्ज. माणशी, दररोज, आपोआप लागतो. म्हणजे इथल्या लोकांची बक्षिसी बोटवाले आधीच कापून घेतात.

"कुणाला विचारून?"

"काका, आधी देणं ही तर तुमचीच पद्धत."

"मी कुठं दिलं? यांनी घेतलं. चला, विचारू."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही स्वागतकक्षाच्या काउंटरवर गेलो. तिथं मारिसेल नावाची फिलिपिन्सची मुलगी होती. आधी तिचं गाव विचारून झालं. तिनं चकित होऊन ते सांगितलं, काकांनी ते तीन वेळा म्हणून पाठ केलं. मग मी काकांचं म्हणणं इंग्रजीत मांडलं. मारिसेल शांतपणे म्हणाली की तुमची इच्छा नसेल तर चार्ज काढता येतो, हा अर्ज भरा. फक्त एवढं लक्षात घ्या की हे पैसे सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटले जातात, तुम्हाला दिसतात त्यांच्यात, आणि जे कधीच दिसत नाहीत त्यांच्यातही.

इथं मी एक गाढवपणा केला. मागे रांग खोळंबली होती, आमच्या ह्यांना लिंबू न्यायचं होतं, मी कंटाळले होते. मी त्या वाक्याचं शेपूट कापलं.

"सगळ्यांत वाटतात म्हणे," मी म्हणाले.

"कशात जमा करून?"

"एकत्र जमा होत असणार कुठंतरी."

"डबा!" काका म्हणाले. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "बाई, डब्यात गेलेलं कुणाला मिळत नसतंय. आणा तो अर्ज."

त्यांनी अर्ज भरला, खाली झोकदार सही केली, तारीख घातली, आणि तारखेखाली सवयीनं वेळही घातली. चार्ज निघाला. त्यानंतर काका सगळ्या बोटीवर नुसते बागडत होते. सुहासनं दिलेल्या डॉलरच्या नोटा खिशात, आणि जो समोर येईल त्याचं नाव, त्याचं गाव, नोट हातातून हातात. सूप वाढणारा, दार उघडणारा, पोहायच्या तलावाशी टॉवेल देणारी. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मी यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. लग्नात बी नाय."

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे बसले होते. सलीम आले, पण चादरी न बदलता नुसतेच उभे राहिले. मग त्यांनी खिशातून काकांनी दिलेल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या.

"चाचा, ह्या मला ठेवता येत नाहीत. मी वर जमा करतो, चालेल ना? म्हणजे करायलाच लागतात."

"कामून?" काका म्हणाले. "तुमच्या हातात दिल्यात की."

"तुमच्या खोलीचा चार्ज तुम्ही बंद केलात. बोटीचा कायदा असा आहे, चार्ज बंद केला की हातात मिळालेलं सगळं आम्ही एकत्र जमा करायचं. एका डब्यात."

डबा हा शब्द त्यांनी सहज वापरला. काका खुर्चीत बसले.

"आणि एक विचारू का?" सलीम चाचरत म्हणाले. "माझं काय चुकलं ते सांगितलंत तर बरं होईल. चार्ज काढला म्हणजे पाहुणा नाराज, असं साहेब धरतात. मला काल बोलावलं होतं. माझं कंत्राट ह्या महिन्यात संपतंय, पुढचं द्यायचं की नाही ते उद्या ठरवतात. भरलेल्या बादलीचं मी कुणाला सांगितलं नाही, अल्ला कसम."

"अहो, तुमचं काय चुकलंय!" काकू कळवळून म्हणाल्या.

"माझं सोडा," सलीम म्हणाले. "वरच्यांना पाहुणे हातात देतात तरी. खाली माझा मेहुणा भांडी धुतो. दहा-दहा तास. त्याच्यासारखे कितीतरी आहेत, त्यांना आकाशसुद्धा दिसत नाही, पाहुणा कुठून दिसणार? त्यांना जो वाटा मिळतो तो त्या चार्जमधूनच."

मी मान खाली घातली. मारिसेलचं कापलेलं शेपूट माझ्यापुढे सरळ उभं राहिलं होतं. "काका, ती मुलगी हे बोलली होती," मी म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं नाही. मला कंटाळा आला होता."

काका माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते त्या टेबलावरच्या नोटांकडे बघत होते. "मेहुण्याचं नाव?" त्यांनी विचारलं.

"इम्रान."

"इम्रान," काका म्हणाले. "मागं धुतोय."

काउंटर संध्याकाळी सहाला हिशेब बंद करणार होतं. त्यानंतर काही बदल नाही. साडेपाच वाजले होते. काका उठले, कोट घातला, केसांवर पाण्याचा हात फिरवला आणि निघाले. काकू मागोमाग, मी त्यांच्यामागे. काउंटरपुढे ही रांग! सगळ्यांना शेवटच्या संध्याकाळीच हिशेबाची आठवण झाली होती. काका रांग मोडत नाहीत. आमच्या पुढे अर्ध्या चड्डीतले एक गोरे आजोबा बाटलीबंद पाण्याच्या तीन बाटल्यांवरून भांडत होते आणि ते काही केल्या संपेना. काकू पुटपुटल्या, "त्याला म्हणावं, आमच्या बादलीतलं घेऊन जा."

सहाला सात मिनिटं कमी असताना आम्ही मारिसेलपुढे आलो.

"बाई, तिला सांगा," काका म्हणाले, "माझं चुकलं."

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी सांगितलं. मारिसेल म्हणाली, हरकत नाही, चार्ज परत लावते.

"तेवढं पुरत नाय. सलीमभाईंच्या साहेबांना लिहून द्यायचंय की त्यांचं काही कमी पडलं नाय. मग चार्ज कामून काढला, ते विचारतील. तर तेबी सांगा." त्यांनी काउंटरच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं. "सांगा की बहात्तरच्या दुष्काळात मी कॉलेजात होतो. पाचोडला वडील भिक्षुकी करायचे. त्या साली कुणाच्या घरी लग्न नाय, मुंज नाय, दक्षिणा कुठली? मी औरंगाबादला स्टेशनाजवळ एका हॉटेलात लागलो. पुढं नाय, मागच्या बाजूला. उष्ट्या कपबश्या विसळायला."

मी भाषांतर करत होते. पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण 'उष्टं' ह्याला इंग्रजीत शब्द नाही. मी 'घाणेरडे कप' म्हणाले आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

"गल्ल्याशेजारी डबा होता. गिऱ्हाईक त्यात पैसे टाकायचं. मालक म्हणायचा, दिवाळीला सगळ्यांना वाटू. दिवाळी आली तेव्हा डबाच नव्हता. तीन महिने मला कुणी नावानं हाक मारली नाय. 'ए, कप आण' एवढंच. एक दिवस एक ट्रकवाला हात धुवायला मागं आला. त्यानं विचारलं, नाव काय, गाव कोणतं. मी सांगितलं. त्यानं माझ्या वल्ल्या हातात आठ आणे ठेवले आन् गेला. त्याचं मी काहीच काम केलं नव्हतं, बाई. आधीच दिले."

पुढचं वाक्य इंग्रजीत निघेना. मारिसेल माझ्याकडे बघत थांबली होती, आणि मागच्या रांगेत पायांची चुळबुळ वाढली होती. मी कसंबसं सांगून टाकलं.

"आन् हे शेवटचं," काका म्हणाले. "सांगा की मी स्वतः मागं होतो, तरी मागच्यांनाच विसरलो. वरच्यांची नावं विचारत हिंडलो."

मारिसेलनं तिथल्या तिथं चार्ज परत लावला. एका कोऱ्या कागदावर काकांनी मराठीत, ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'श्री. सलीम यांचे काम अत्यंत समाधानकारक आहे. तक्रार नाही. चूक अर्जदाराची आहे.' खाली मी इंग्रजी केलं, ह्या खेपेला एकही शब्द न गाळता. मारिसेलनं त्यावर शिक्का मारला. भिंतीवरच्या घड्याळात सहाला एक मिनिट बाकी होतं, आणि शिक्का पाहून काकांच्या जिवात जीव आला.

खोलीकडे परतताना मधल्याच जिन्यात काकू थांबल्या. "मला कधी सांगितलं नाय तुम्ही."

"कामून सांगू? भटाचं पोरगं हॉटेलात उष्टी काढतंय, हे तुझ्या वडलांना कळलं असतं तर लग्न झालं असतं का?"

"लग्न झाल्यावर सांगायचं."

"मग राहून गेलं," काका म्हणाले. चाळीस वर्षं राहून गेलं!

शेवटच्या दिवशी सकाळी सलीम सामान उचलायला आले. कंत्राट पुढे मिळालं होतं. साहेबांनी तो शिक्क्याचा कागद फाईलला लावला होता म्हणे, मराठीसकट. काकांना खाली जाऊन इम्रानला भेटायचं होतं, पण पाहुण्यांना तिथं जाऊ देत नाहीत. मग सलीमनी एक घडी घातलेला कागद काकांच्या हातात दिला. खालच्या अकरा जणांची नावं, आणि प्रत्येकापुढे गाव. देश नाही, गाव. विमानात काका ती गावं मोठ्यानं वाचत बसले, उच्चार जमेपर्यंत. शेजारच्या प्रवाशानं कान झाकून घेतले.

परत आलो तर उन्हाळा होता तसाच होता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर येणार होता, तो आला नाही. शेषरावांचा फोन काकांनाच आला: विहिरीनं तळ गाठलाय, परवापर्यंत धीर धरा. संध्याकाळी काका-काकू आमच्याकडे चहाला आले. बोटीच्या गप्पा झाल्या. आमचे हे, ज्यांनी बोटीत छताखेरीज काही पाहिलं नव्हतं, त्यांनी सगळ्यात जास्त वर्णन केलं. चहा संपला आणि काका नेहमीप्रमाणे कपबशी घेऊन उठले.

काकू त्यांच्या आधी उठल्या. त्यांनी वाट अडवली आणि त्यांच्या हातातली कपबशी घट्ट धरली.

"द्या इकडं."

"अगं, मी विसळतो की."

"नाव सांगा," काकू म्हणाल्या, "गाव सांगा."

काका आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की काकू हसत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं आणि शाळेत हजेरीला उभं राहावं तसे सरळ उभे राहिले.

"मधुसूदन गोविंद जोशी," ते म्हणाले. "गाव पाचोड."

काकूंनी कमरेच्या बटव्यातून एक रुपया काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. कपबशी काढून घेतली. काकांनी मूठ मिटली. मग ते खाली बसले. इतक्या वर्षांत आमच्या घरी चहा पिऊन झाल्यावर ते पहिल्यांदाच बसून राहिले. मुठीतला रुपया त्यांनी किती वेळ तरी खिशात टाकला नाही.

मी काकूंच्या हातून ती कपबशी घेतली आणि आत गेले. मोरीशी वापरायच्या पाण्याची बादली कोरडी पडली होती. मी प्यायच्या हंड्यात तांब्या बुडवला आणि काकांची कपबशी त्या पाण्यानं विसळली, एकदा नाही, दोनदा.